विश्वास कमी पडला म्हणजे नेमकं काय कमी पडलं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की चंगाई, चमत्कार, प्रार्थनेने बरं होणं यावर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एका काकांनी तर सतरा मिनिटांचा ऑडिओ पाठवलाय (काका, ऐकला, दोन टप्प्यांत). सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, चार प्रश्न घेतलेत, त्यातल्या पहिल्याला जागा जास्त जाणार आहे तर बाकीच्यांनी राग मानू नका. आणि आधीच सांगून ठेवते, मी काही धर्मपंडित नाही. सिस्टर होते पण हॉस्पिटलातली, कॉन्व्हेंटमधली नव्हे, २८ वर्षं वॉर्डात काढली, वसईची साधी कॅथलिक बाई आहे, बायबल रोज उघडते, बस्स.

प्रश्न : ताई, आम्ही श्रीरामपूरकडचे. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, वय ४६, दोन वर्षं झाली आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. मागच्या उन्हाळ्यात एका चंगाई सभेला गेलो, पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला आणि मिस्टर खाली पडले, सगळे ओरडले की झाला बरा, लगेच स्टेजवर साक्ष पण द्यायला लावली. घरी आल्यावर ग्रुपमधले म्हणाले आता डायलिसिसला जाणं म्हणजे देवावर संशय घेणं. दोन वेळा गेलो नाही. सहाव्या रात्री दम लागला, आडवं होता येईना, पहाटे गाडी करून नगरला नेलं, पोटॅशियम खूप वाढलेलं, थोडक्यात वाचले. आता तेच लोक म्हणतात की तुमच्यापैकी कुणाचा तरी विश्वास कमी पडला. मिस्टर काही बोलत नाहीत पण मला वाटतं माझाच पडला असेल, कारण त्या सहा रात्री मी खरंच मनात म्हणत होते की जायला पाहिजे होतं. हा संशयच झाला ना?

उत्तर : ताई, त्या सहा रात्री तुम्हाला जे वाटत होतं ना, त्याला आम्ही वॉर्डात अक्कल जागेवर असणं म्हणतो. संशय वगैरे काही नाही. ज्याच्या किडन्या बंद आहेत त्याचं पाणी आणि पोटॅशियम बाहेर काढणारं ते एकच मशीन आहे, पोटॅशियम चढलं की हृदय कधी थांबेल सांगता येत नाही, त्याला तुमची साक्ष ऐकू येत नाही. तेव्हा पहिलं म्हणजे एकही सेशन चुकवायचं नाही, आणि सभेत कुणी प्रेमाने नारळपाणी दिलं तरी नाही प्यायचं, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता विश्वासाचं. ग्रुपवाले तुम्हाला बहुतेक नासरेथची गोष्ट सांगत असतील, मार्कच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा) सहावा अध्याय, की येशू स्वतःच्या गावी गेला आणि लोकांच्या अविश्वासामुळे तिथे त्याला महत्कृत्य करता आलं नाही. बरोबर, लिहिलंय तसं. आणि मार्क किती धीट माणूस बघा, तो सरळ लिहितो की येशूला करता आलं 'नाही'. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय, त्याला ते जड गेलं असावं, त्याने तेच वाक्य जरा मऊ केलंय, की त्याने तिथे फार महत्कृत्यं केली नाहीत. पण ग्रुपवाले मार्कचं ते वाक्य अर्धंच वाचतात. पुढे लगेच आहे की थोड्याशा आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. म्हणजे त्या सगळ्या गावात बरे झाले कोण, तर आजारीच झाले! अविश्वास कुणाचा होता, तर हा तर सुतार, ह्याची आई आपल्याला माहीत, भाऊ माहीत, बहिणी इथेच राहतात, असं म्हणून नाकं मुरडणाऱ्या धडधाकट लोकांचा. खाटेवर पडलेल्यांवर येशूने खापर फोडल्याचं मला तरी त्या पानावर कुठे सापडत नाही.

आणि मोजायलाच बसलो तर शुभवर्तमानात विश्वासाचं वजन करून बरं केलंय असं कुठाय? छप्पर उसकटून चौघांनी ज्याला खाली सोडला त्या पक्षाघातवाल्याच्या गोष्टीत लिहिलंय की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, तो खाटेवरचा बिचारा तोवर तोंडातून शब्द काढत नाही. बेथेसदाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेल्याला तर आपल्याला बरं कोणी केलं हेसुद्धा माहीत नव्हतं, नंतर लोकांनी विचारलं तर सांगता येईना. आणि माल्ख! महायाजकाचा चाकर, येशूला पकडायला आलेल्या टोळीतला, येशूचा शिष्य पेत्र याने तलवार काढून त्याचा कान उडवला आणि येशूने हात लावून तो बरा केला, आता ह्या माल्खाच्या विश्वासाची पातळी काय असेल तुम्हीच सांगा. मला ही गोष्ट फार आवडते, मी ती कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या) पोरांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, टीचर तो मग टोळीतून पळाला का? ते लिहिलेलं नाहीये.

तुमच्यासाठी मात्र मार्कचा नववा अध्याय आहे. मुलाला फिट्स येतात, लहानपणापासून, कधी विस्तवात पडतो कधी पाण्यात, बाप त्याला घेऊन आलाय, शिष्यांना जमलेलं नाही आणि भोवती वादावादी चाललीय. बाप म्हणतो, आपल्याच्याने काही होत असेल तर करा. येशू म्हणतो विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे. आणि त्यावर तो बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही. म्हणजे तुमच्या त्या सहा रात्री, ताई. येशूने त्याला असं नाही म्हटलं की आधी घरी जा, विश्वास पूर्ण कर आणि मग पोराला घेऊन ये. पोरगा तिथल्या तिथे बरा झाला.

यावर कुणीतरी १२ वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईचं वाक्य काढणारच, 'मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे'. हो, म्हटलंय. पण तिच्याकडे नीट बघा ना. सगळे पैसे डॉक्टरांवर घालवलेत, उलट जास्तच बिघडलंय (हे 'जास्तच बिघडलं' शुभवर्तमानकार लूकने गाळलंय, तो स्वतः वैद्य म्हणून असेल, मला दर वेळी हसू येतं), गर्दीत मागून लपत आलीय, वस्त्राला हात लावते आणि पकडली गेल्यावर थरथर कापते. हा जर मोठा विश्वास असेल तर तो आपल्यापैकी पुष्कळांकडे असतो. आणि अजून एक, येशूला कळतं की आपल्यातून शक्ती निघाली, पण तो मागे वळून विचारतो की कोण शिवलं मला. विचारावं लागतं त्याला! एवढी शक्ती आणि गर्दीत धक्के खातोय, शिष्य म्हणतात अहो चारी बाजूंनी लोक रेटतायत आणि तुम्ही काय विचारताय.

तुमच्या मिस्टरांच्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला रस्ता) असेल. त्यावर हलकं बोट ठेवून बघा, आत सतत थरथर लागते, शिवणाचं मशीन चालू असल्यासारखी. आम्ही ड्युटीवर आलो की पहिलं तेच बघायचो, थरथर आहे म्हणजे रस्ता चालू आहे. ही बाईची गोष्ट वाचताना मला दर वेळी ते बोट आठवतं, का ते नीट सांगता येणार नाही, पण आठवतं.

आणि पास्टरांना भेटलात तर भांडू नका, एवढंच विचारा की प्रेषित पौलाचं काय. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांना लावले तर ते बरे होत असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, त्याच पौलाच्या शरीरात काटा होता, तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते. काटा काही निघाला नाही. तो काय होता यावर पंडितांचं अजून चालूच आहे, कुणी डोळे म्हणतं, कुणी मलेरिया, कुणी फिट्स. त्रफिम नावाच्या सोबत्याला त्याने मिलेत गावी आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, तिमथ्य नावाच्या सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, आणि लूक, 'प्रिय वैद्य', त्याच्या सोबत होता. म्हणजे पौल डॉक्टर बरोबर घेऊन फिरत होता! त्याचा विश्वास कमी होता म्हणायची आहे का कुणाची हिंमत?

मिस्टरांशी बोला. ते बघतात तेव्हा तुम्हाला दोष देत असतील असं तुम्ही धरून चाललाय, मला वाटतं त्यांना स्टेजवर बोललेल्या साक्षीची लाज वाटत असेल. त्यांना सांगा की ती साक्ष मागे घ्यायला कुठे जावं लागत नाही.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात आयटीमध्ये आहे, चर्चला जातो पण डोकं गहाण ठेवून नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला येशू दोनदा हात लावतो. पहिल्या वेळी फेल गेलं का? आणि थुंकी कशाला?

उत्तर : फेल म्हणू नका, पण तुमचा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे, आणि मत्तय आणि लूक दोघांनीही ही गोष्ट घेतलेलीच नाही, फक्त मार्ककडे आहे (आठवा अध्याय), त्यांनाही ती अडचणीची वाटली असेल असं समजायला जागा आहे.

थुंकीचं सोपं आहे, त्या काळात थुंकी औषधी धरत. वेस्पासियन रोमचा सम्राट झाला तेव्हा अलेक्झांड्रियात एका आंधळ्याने त्याच्याकडे हट्ट धरला की तुमची थुंकी माझ्या डोळ्यांना लावा, ही हकिगत रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवलीय, आणि गंमत म्हणजे त्यातला टॅसिटस सांगतो की सम्राटाने आधी वैद्यांना विचारून घेतलं की हे बरं होण्यासारखं आहे का. येशू कुणाला विचारत नाही, पण वापरतो तेच, जे खेड्यातल्या कुठल्याही म्हातारीने वापरलं असतं. आमची आजी डोळा चिकटला की सकाळची पहिली थुंकी लावायची, तुमच्याही घरी लावत असतील, विचारून बघा (नका लावू आता, इन्फेक्शन होतं).

दोन टप्प्यांचं म्हणाल तर गोष्ट जरा सावकाश वाचा. येशू त्या आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? असं तो दुसऱ्या कुठल्याच आजाऱ्याला विचारत नाही. माणूस खरं ते सांगतो, माणसं दिसतात पण झाडांसारखी दिसतात, चालताना. मग पुन्हा हात, आणि सगळं स्वच्छ. माझा जीव त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर आहे. समोर देवाचा माणूस उभा आहे, शिष्य बघतायत, आपल्याकडच्या सभेत असता तर हालेलुया म्हणून मोकळा झाला असता आणि आयुष्यभर माणसांना झाडं समजत फिरला असता. तो म्हणाला, नाही, नीट दिसत नाहीये. म्हणून दुसऱ्यांदा हात मिळाला!

मार्कने ही गोष्ट कुठे ठेवलीय तेही बघण्यासारखं आहे. जरा आधी येशू शिष्यांवर वैतागलाय की डोळे असून तुम्हाला दिसत नाही का. लगेच नंतर पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस, शाबास, पण पुढच्याच क्षणी येशू सांगतो की मला दुःख सोसून मरावं लागणार तर हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावायला लागतो. म्हणजे पेत्रालाही अजून झाडंच दिसतायत. शक्ती दिसली, तिच्या आतला अशक्तपणा दिसला नाही. तुम्ही आयटीवाले, व्हर्जन वन म्हणाल, चालेल.

प्रश्न : लूर्दच्या झऱ्याच्या पाण्याने लोक बरे होतात म्हणतात, मग ज्या मुलीला तिथे मरीयामातेचं दर्शन झालं ती बर्नादेत स्वतः तरुणपणी आजाराने का गेली? आमच्या शाळेतल्या एका सरांनी हे विचारून मला गप्प केलं. (एक शिक्षिका, नाशिक रोड)

उत्तर : सरांना सांगा की ती आजारी होती हे चर्चने कधी लपवलेलंच नाही. बर्नादेत सुबिरू, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या लूर्द गावची, गिरणी चालवणाऱ्याची मुलगी, पण धंदा बसला आणि घर एवढं गरीब झालं की सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं. लहानपणी कॉलरा झाला, मग दमा जडला तो गेलाच नाही. १८५८ साली, १४ वर्षांची असताना, फेब्रुवारी ते जुलै मिळून १८ दर्शनं. पुढे ती नेव्हेरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली, गुडघ्याला हाडाचा टीबी झाला आणि १६ एप्रिल १८७९ ला ३५ व्या वर्षी वारली. कॉन्व्हेंटमध्ये तुझं काम काय म्हटलं तर म्हणायची, माझं काम आजारी पडणं. आणि दर्शनाबद्दल म्हणायची की मरीयामातेने मला केरसुणीसारखं वापरलं, काम झाल्यावर केरसुणी कुठे ठेवतात, दाराआड. आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी म्हणतात, पाय लागला तर नमस्कार करतात, हे तिला कुणी सांगितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

पाण्याचंही तसंच. १८५८ सालीच तुलूझच्या एका प्राध्यापकाने ते तपासून दिलं की साधं पिण्याचं पाणी आहे, औषधी काही नाही. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं ऑफिस आहे, कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरला केस बघायला बसता येतं. आजार गंभीर होता का, निदान पक्कं का, औषधाने तर गेला नाही ना, एकदम आणि पूर्ण गेला का, वर्षानुवर्षं टिकला का. डॉक्टर फक्त एवढंच म्हणतात की आम्हाला कारण सापडत नाही, चमत्कार म्हणायचं की नाही ते बिशप ठरवतात. बरे झालो म्हणून नोंदवलेल्या केसेस सात हजारांवर, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या सत्तरच्या जरा पुढे, दीडशेहून जास्त वर्षांत. आपल्याकडच्या एका सभेत एका संध्याकाळी याहून जास्त जाहीर होतात!

बर्नादेतसारखाच दुसरा सांगते, कॅनडातले ब्रदर आंद्रे. बारा वर्षांचे असतानाच आईबाप दोघंही गेलेले, शिक्षण नाही, पोट जन्माचं नाजूक, मठात घेतील की नाही अशी पंचाईत, शेवटी घेतलं आणि माँट्रियलच्या एका कॉलेजच्या दारावर बसवलं. तिथे जवळजवळ चाळीस वर्षं दारवान. लोक आजार घेऊन यायचे, ते संत जोसेफसमोरच्या दिव्याचं तेल चोळायला सांगायचे, बऱ्याच जणांना गुण आला. पण 'तुम्ही बरं केलंत' असं कुणी म्हटलं की म्हातारा चिडायचा, अक्षरशः चिडायचा, मी नाही, संत जोसेफ! स्वतःचं पोट मात्र शेवटपर्यंत तसंच, पिठाचं पाणी पिऊन दिवस काढायचे. १९३७ मध्ये ९१ व्या वर्षी गेले, २०१० मध्ये संत झाले. त्यांनी बांधायला घेतलेल्या चर्चमध्ये लोकांनी सोडलेल्या कुबड्या अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत.

आता तुम्ही विचाराल सिस्टर तुम्ही स्वतः मानता का. मानते. पण बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मावशीबरोबर जायचे तेव्हाचं एक सांगते. तिथे स्टॉलवर मेणाचे अवयव मिळतात, हात, पाय, डोळे, अख्खं बाळसुद्धा, ज्याला जे दुखतं ते घ्यायचं आणि अर्पण करायचं. मावशीचा गुडघा गेलेला म्हणून पाय घ्यायचा, तर सप्टेंबरच्या उकाड्यात लाइनमध्ये दोन तास उभं राहून तो पाय हातातच वाकला. मावशी म्हणाली, अगं हा तर माझ्यासारखाच झाला, आणि तसाच वाकडा दिला. गुडघा पुढे दुखतच राहिला, मावशी पुढच्या वर्षी परत आली, परत पाय घेतला. गुण येत नाही तर का येतेस असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, फक्त गुण मागायला येते असं तुला कुणी सांगितलं?

प्रश्न : आमच्या वस्तीत एक जण प्रार्थना केलेलं तेल ५०० रुपयांना बाटली देतो. माझ्या भावाला टीबी आहे, तेल घेतल्यापासून त्याने तीन आठवडे गोळ्या बंद केल्यात, खोकला कमी आहे म्हणतो. काय करू?

उत्तर : तेल लावून प्रार्थना करा असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा म्हणून. रेट लिहिलेला नाही. पेत्र देवळाच्या दारातल्या पांगळ्याला म्हणतो सोनंरुपं माझ्याजवळ नाही, आणि तो उठून चालायला लागल्यावर लोक पेत्राकडे टकमक बघतात तेव्हा म्हणतो, आमच्याकडे काय बघता, आम्ही आमच्या शक्तीने चालवलं का याला? आणि शिमोन नावाच्या जादूगाराने ही शक्ती विकत मागितली तर ह्याच पेत्राने त्याला असं झाडलंय की वाचून बघा, प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय. तुमच्या तेलवाल्यालाही वाचायला द्या. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, धर्म कुठलाही असो, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण ते नंतर, पोलीस कुठे पळत नाहीत.

आधी भाऊ. खोकला कमी झालाय तो त्याने आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे कमी झाला असणार, जंतू मेलेले नाहीत, अर्धवट सोडलं की उरलेले जंतू त्याच गोळ्यांना दाद देईनासे होतात आणि मग कोर्स लांबतो, औषधं जड होतात, घरातल्यांनाही तोच टीबी लागू शकतो. उरलेल्या गोळ्या आज आपल्या मनाने सुरू करू नका. उद्या सकाळीच त्याला सरकारी टीबी सेंटरला घेऊन जा, औषध तिथे फुकट मिळतं, बेडका पुन्हा तपासतील. किती दिवस खंड पडला ते खरं सांगायचं, ओरडतील जरा, ओरडू देत. कार्ड आणि गोळ्यांची उरलेली पाकिटं बरोबर न्या, ती मोजली की त्यांना बरोबर कळतं. तेलाची बाटली पण नेली तरी चालेल, फक्त भावाच्या हातात नका देऊ, गोळ्यांची पिशवी त्याच्या हातात द्या.